गेलेल्याला विचारलंत का?

सप्टेंबर हा वार्षिक सभांचा महिना. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. त्यामुळे ३० तारखेच्या आत सोसायट्यांच्या फलकांवर आणि पतपेढ्यांच्या दारांवर नोटिसा लागतात. प्रत्येक नोटिशीच्या तळाशी एक ठरलेलं वाक्य असतं : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही.

हे वाक्य नीट वाचा. सभासद येणार नाहीत हे नोटीस लिहिणाऱ्याने आधीच धरलं आहे आणि त्याची सोयही करून ठेवली आहे. कायद्याने ती सोय दिली, हे बरोबरच; नाहीतर कित्येक संस्थांचे हिशेब मंजूर होणार नाहीत. पण सभासद का येत नाहीत, हा विषय विषयपत्रिकेवर कधी पाहिलात? मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं, अहवाल, ताळेबंद, अंदाजपत्रक, लेखापरीक्षकाची नेमणूक हे सगळं असतं. गेलेल्या माणसाला मात्र एक ओळही नसते.

माणसं संस्थेत का येतात आणि का जातात, यावर आपल्याकडे दोन तयार उत्तरं आहेत. आली की म्हणायचं, विचाराने आली. गेली की म्हणायचं, स्वार्थाने गेली. दोन्ही उत्तरं आळशी आहेत आणि त्या आळसापायी चांगल्या संस्था ओस पडत आहेत.

येतात ती हाकेला

जाहीरनामा वाचून संस्थेत आलेली माणसं शोधा. फार सापडणार नाहीत. ढोलपथकातल्या मुलीला मैत्रीण घेऊन आलेली असते. गणेश मंडळातला मुलगा गल्लीतल्या दादाबरोबर मांडवाचे बांबू उचलायला आलेला असतो. भजनी मंडळातल्या काकूंना शेजारणीने "चला हो, घरात बसून काय करता" म्हटलेलं असतं.

यात कमीपणा काहीच नाही. राष्ट्र सेवा दल १९४१ साली उभं राहिलं तेव्हा साने गुरुजी, एस. एम. जोशी यांच्यासारखी माणसं त्यामागे होती आणि समाजवादाचा पक्का विचार होता. पण पोरं यायची ती संध्याकाळच्या शाखेवर, खेळायला आणि गाणी म्हणायला. निळू फुले आणि दादा कोंडके दलाच्या कलापथकातून पुढे आले. आधी मैदान, मग मैत्री, मग विचार, असा तो क्रम होता. क्रम उलटा करून, पोराच्या हातात आधी पुस्तिका देणाऱ्या संस्थांनी आज पोरं येत नाहीत अशी तक्रार करू नये.

काही संस्थांत येण्याला किंमत पडते आणि तीही माणसाला बांधते. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यात येणं म्हणजे भटजीशिवाय लग्न लावणं, भावकीचा राग ओढवून घेणं, गावाचा बहिष्कार सोसायची तयारी ठेवणं. तरी माणसं आली, कारण तिथे त्यांना पहिल्यांदा माणूस म्हणून बसायला जागा मिळाली. येणाऱ्याला सोबत आणि मान या दोन गोष्टी हव्या असतात. ध्येय त्यानंतर त्याचं स्वतःचं होतं.

टिकतात ती हिशेबाला

टिकण्याचं उत्तम शिक्षण हवं असेल तर परिसंवादाला जाऊ नका, एखाद्या गावातल्या महिला बचत गटाच्या बैठकीला जा. दहा ते वीस बायका, अंगणात किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर गोल करून बसलेल्या. पंचसूत्री त्यांना तोंडपाठ असते : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. पैसे सगळ्यांच्या समोर मोजले जातात. कुणी किती भरले ते मोठ्याने वाचलं जातं. कर्ज कुणाला द्यायचं ते सगळ्या मिळून ठरवतात. हिचं बी-बियाणं, तिच्या पोराची फी, तिसरीचा दवाखाना, कुणाची नड मोठी ते तिथेच बोललं जातं. लिहिता न येणारी बाईसुद्धा गटाची शिल्लक किती ते तुम्हाला सांगते.

आणि सोडायचं असेल तर? तिच्याकडचं कर्ज वळतं करून तिची बचत तिला परत करायची. जाणाऱ्या बाईचा हिशेब चोख होतो, म्हणून तिचं गटाशी वैर होत नाही. सून झाली म्हणून आलेली, माहेरी गेली म्हणून सोडलेली, पुन्हा आली म्हणून दुसऱ्या गटात बसलेली, अशा बायका गावोगाव आहेत.

गट मोडतात तेही त्याच सूत्रांपाशी. बँकेत दर वेळी अध्यक्ष आणि सचिवच जातात, पासबुक एकीच्याच घरी राहतं, बैठक न भरताच वहीवर सह्या फिरवल्या जातात. मग बाकीच्यांचा भरवसा उडतो आणि बायका बचत भरायच्या थांबतात. सुशिक्षितांच्या संस्थांतही हेच होतं. फरक एवढाच की तिथे ते पॉवरपॉइंटवर दाखवलेल्या ताळेबंदामागे झाकलं जातं.

सतरंज्या कुणी उचलायच्या?

सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द आहे. मला तो बोचतो. सतरंजी उचलण्यात काही वाईट नाही. प्रत्येकाने उचलावी, अध्यक्षांनीही. पण वीस वर्षांच्या मुलाला सतरंज्या दिल्या आणि पंचविसाव्या वर्षीही सतरंज्याच दिल्या, तर तो जाणार. त्याला संस्थेवर प्रेम नव्हतं असं म्हणू नका. त्याला तुम्ही हिशेब दाखवला नाही, निर्णयाला बसवलं नाही, चुकायची संधी दिली नाही.

बायकांचं तर विचारूच नका. पुरोगामी म्हणवणाऱ्या संस्थेतही स्वागत, रांगोळी, औक्षण आणि सूत्रसंचालन त्यांच्याकडे. खजिना आणि सही पुरुषांकडे. मग "महिला पुढे येत नाहीत" असा ठराव पुरुष मांडतात. त्या पुढे आल्या होत्या. तुम्ही त्यांच्या हातात माइक दिला तो पाहुण्यांचा परिचय करून देण्यासाठी.

एका वाचनालयाच्या वार्षिक सभेतलं सांगतो. सभा साडेपाचची, सुरू झाली सहाला, म्हणजे तहकुबीनंतर. अहवालवाचन, अभिनंदनाचे ठराव, दिवंगतांना श्रद्धांजली, देणगीदारांचा सत्कार. चहा झाला. शेवटचा विषय होता "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय". तोवर आठ वाजून गेले होते. मागच्या रांगेतली एक शिक्षिका उभी राहिली. तिने तीनच गोष्टी विचारल्या : बालविभाग दुपारी बंद का असतो, नवीन पुस्तकांची निवड कोण करतं आणि निवड समितीत वाचकाला घ्याल का? अध्यक्ष म्हणाले, सूचना चांगल्या आहेत, लेखी द्या. तिने पर्समधून कागद काढून दिला. ती लिहूनच आली होती. कागद फायलीत गेला. आभारप्रदर्शन झालं. पुढच्या वर्षीच्या सभेला ती नव्हती आणि अहवालात तिच्या सूचनांचा उल्लेखही नव्हता. सभासदसंख्या घटल्याबद्दल मात्र वाचनसंस्कृतीला बोल लावला होता.

वाचनसंस्कृती लिहिलेला कागद घेऊन आली होती, साहेब. तुम्ही तो फायलीत लावलात.

आधी जातात ती सगळ्यात जागी माणसं

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटं पुस्तक लिहिलं, 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, बोलायचं किंवा निघून जायचं. निष्ठा असली तर माणूस जाण्याआधी अधिक काळ बोलत राहतो. हर्शमनला हा विचार सुचला तो नायजेरियाची रेल्वे पाहताना. मालवाहतुकीला ट्रकचा पर्याय होता, तरी रेल्वे सुधारेना. कारण ज्यांना चांगल्या सेवेची सगळ्यात जास्त फिकीर होती, जे भांडले असते, तेच सगळ्यात आधी ट्रककडे गेले. मागे राहिले ते सोसणारे.

हे आपल्याकडे आपण डोळ्यांदेखत पाहिलं आहे. नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून डॉक्टर, वकील, प्राध्यापक, खुद्द शिक्षक यांची मुलं निघून गेली. छत गळतं म्हणून मुख्याधिकाऱ्याच्या दालनात जाऊन बसणारा पालक त्यांच्याबरोबर गेला. उरला तो मजुरीवर जाणारा पालक. त्याला दिवसाची मजुरी बुडवून तक्रार करायला जाता येत नाही. शाळेची मुलं गेली हे पटावर दिसतं. तिचा आवाज गेला, हे कुठल्याच पटावर नोंदलेलं नाही.

म्हणून, "कटकटे गेले, बरं झालं" असं म्हणणाऱ्या चिटणिसाला माझं सांगणं आहे : तुमच्या संस्थेचे कान गेले. आता बिघाड झाला तरी तुम्हाला कळवणारं कुणी नाही.

गुपचूप जाण्याची सोय

आपल्याकडे राजीनामा देऊन जाणारा माणूस दुर्मीळ. बहुतेक जण वर्गणी भरायची थांबतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात लिहिलेलंच आहे की तीन महिन्यांहून अधिक काळ वर्गणी थकली तर मत देता येत नाही आणि सभासदांत गणनाही होत नाही. म्हणजे आवाज काढून घ्यायची कायदेशीर सोय तयार आहे. खजिनदाराच्या टेबलावरची थकबाकीदारांची यादी ही खरं तर गेलेल्यांची यादी असते. तो तीत रुपये बघतो. तिच्यात माणसं आहेत.

व्हॉट्सअॅपच्या गटातूनही आता गुपचूप बाहेर पडता येतं. सगळ्यांना कळत नाही, फक्त अॅडमिनला कळतं. म्हणजे ज्याला कळायला हवं त्याला कळतं. त्याने त्या दिवशी फोन केला का, एवढाच प्रश्न उरतो.

जावं कसं

जाणाऱ्यांनाही काही सांगायचं आहे, कारण जाण्याची एक चांगली रीत या महाराष्ट्रात होती.

चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या उमेदीतून १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली. आजीव सदस्यांनी सगळा वेळ संस्थेलाच द्यावा की बाहेरचं काम आणि मिळकतही चालावी, पगार वाढवावेत की त्यागाचं मूळ तत्त्व धरून राहावं, यावरून वर्षानुवर्षं खटके उडाले. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेव्हा ते चिघळलं. त्या वर्षीच्या डिसेंबरात टिळकांनी आपली कारणं सविस्तर लिहून राजीनामा दिला. त्याआधी १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले होते आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. एक शाळेतून गेला, एक वर्तमानपत्रातून. दोघांनीही का जातो ते सांगितलं आणि दोघांनीही जाऊन नवं काम उभं केलं. भांडण कडवट होतं, हे खरं. पण ते तत्त्वाचं होतं आणि लेखी होतं, म्हणून आजही आपण त्यात बाजू घेऊ शकतो.

आत न येण्यातही मोठेपणा असू शकतो. गोखल्यांनी १९०५ साली स्थापलेल्या भारत सेवक समाजात गांधीजींना घ्यावं की नाही, यावर १९१५ मध्ये सदस्यांत मतभेद झाले. गोखल्यांचं निधन झालेलं, त्यांची इच्छा गांधीजींना घेण्याची होती. आपल्यामुळे संस्थेत फूट पडायला नको म्हणून गांधीजींनी आपला अर्जच मागे घेतला. एका मताने निवडून येऊन खुर्चीवर बसणाऱ्या आजच्या कार्याध्यक्षांनी हा प्रसंग भिंतीवर लावावा.

आणि जयप्रकाश नारायण यांनी १९७५ साली काढलेली छात्र युवा संघर्ष वाहिनी आठवा. तिशी ओलांडली की सदस्यत्व संपलं, असा तिचा नियमच होता. जाणं हे घटनेतच लिहिलेलं. कुणाला काढावं लागत नाही, कुणाला चिकटता येत नाही आणि तिशीनंतरचं काम ज्याने त्याने शोधायचं. आपल्या किती युवक संघटनांचे अध्यक्ष आज नातवंडांना शाळेत सोडायला जातात, ते मोजा.

दार बंद केलं की काय होतं

जाण्याची वाटच बंद केली तर माणूस राहतो असं नाही. तो भिंत पाडतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याखाली एकच मान्यताप्राप्त युनियन होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालकाशी करार करायचा हक्क तिचा. ती नकोशी झाली तरी तिच्यातून सुटून दुसऱ्या युनियनमार्फत बोलणी करण्याची सोपी वाट नव्हती. १९८१ च्या दिवाळी बोनसवरून संतापलेले कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीच्या मागणीबरोबरच 'ही युनियन आम्हाला नको, कायदा बदला' हीही मागणी होती. ती ऐकली गेली नाही. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही आणि गिरणगाव उद्ध्वस्त झालं. वेळेवर मतदान घेऊन "तुम्हाला कोण हवं" एवढं विचारलं असतं, तरी बोलणी योग्य माणसाशी झाली असती.

त्याहून मोठं उदाहरण या भूमीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी मागितलं. १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचं दार ठोठावलं. तो सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतरही २१ वर्षं वाट पाहिली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. महाड ते नागपूर एकोणतीस वर्षं. एवढा काळ एक माणूस आत राहून बोलत होता, लिहीत होता, मागत होता. तो निघून गेला तेव्हा ज्यांना धक्का बसला, त्यांनी इतकी वर्षं काय ऐकलं होतं?

कुठल्याही जाण्याकडे याच प्रश्नाने पाहायला हवं. माणूस गेला तो दिवस शेवटचा असतो. त्याआधीचे कित्येक दिवस तो बोलत असतो.

आता कामाचं बोला

पदाधिकाऱ्यांनो, यंदाच्या सभेत चार गोष्टी करा. आयत्या वेळचे विषय शेवटी ठेवू नका. इतिवृत्त कायम झालं की लगेच घ्या, माणसं ताजी आहेत तोवर. गेल्या सभेत कोण काय बोललं आणि त्याचं काय झालं, हे अहवालाच्या पहिल्या पानावर छापा. झालं नसेल तर का नाही तेही छापा. कुठल्याही पदावर सलग दोन मुदतींपेक्षा जास्त कुणी बसणार नाही, अशी घटनादुरुस्ती मांडा आणि त्यानंतर कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट भरा, म्हणजे बदल कागदावरही उतरेल. आणि सभासद कमी झाले, एवढं वाचून थांबू नका. जे गेले त्यांनी काय कारणं सांगितली ती नावं न घेता सभेत वाचा.

सभासदांनो, तुम्ही जाणार असाल तर जा, पण गप्प जाऊ नका. पानभर लिहा. शिव्या देऊ नका, कारणं द्या. त्या पानाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि मग ज्याला हाक मारावीशी वाटते अशा चार जणांना गोळा करून हवं ते काम सुरू करा. संस्था नोंदवायला सातच माणसं लागतात.

आणि चिटणीस, तुमच्यासाठी एकच काम. थकबाकीदारांची यादी काढा, पहिल्या नावाला आज फोन करा आणि वर्गणीचं नाव न काढता विचारा : तुम्ही येणं का सोडलंत? समोरून राग येईल. मध्ये बोलू नका, सगळं ऐका आणि लिहून घ्या. ते तुमच्या संस्थेचं खरं लेखापरीक्षण आहे आणि ते करून देणारा माणूस त्याचे पैसेही मागत नाही.